वेचणीची चादर

रुग्णालयात खालच्या पायरीवर काम करणाऱ्या प्रत्येक बाईला मावशी म्हणतात. फरशी पुसणारी मावशी, बेडपॅन उचलणारी मावशी, लिफ्टजवळ स्टुलावर बसणारी मावशी. नाव विचारायचे कष्ट वाचतात. कुसळमावशी मात्र माझी खरी मावशी, आईची धाकटी बहीण. तिथं जाऊन मी तिला हाक मारली की चार बायका वळायच्या, आणि ती वळायची नाही.

ती धुलाईखान्याची मुकादम होती. धुलाईखाना म्हणजे रुग्णालयाच्या पाठीमागं लांबलचक पत्र्याची खोली, दोन धुलाईयंत्रं, एक बॉयलर आणि कपडे वाळवायचं एक मोठं यंत्र. ते यंत्र सोळा वर्षं बंद होतं. त्याच्या दारावर 'दुरुस्ती प्रस्तावित' असा कागद होता, त्या कागदाचाही रंग उडून गेला होता. त्यामुळे रोजच्या दीडशे चादरी मागच्या माळावर दोरीला वाळत. माळ पाचेक गुंठ्यांचा, तीन बाजूंनी भिंत, चौथ्या बाजूला धुलाईखाना. रुग्णालयाच्या नकाशात त्याच्यावर 'मोकळी जागा' असं छापलेलं होतं. हे दोन शब्द ज्यानं लिहिले तो त्या माळात एकदाही उतरला नसणार.

चादरी वाळल्या की आत येत. खिडकीलगत एक लांब लाकडी टेबल होतं, तिथं तीन बाया बसत आणि प्रत्येक चादरीवरून दोन्ही अंगांनी तळहात फिरवत. चिकटून आलेलं बी, कुसळ, काटा बोटांनी उपटून डब्यात टाकायचा. याला त्या वेचणी म्हणत. वेचणी झाल्याशिवाय चादर इस्त्रीला जात नसे. मावशी बावीस वर्षं हेच करत आली होती. मुकादम झाल्यावर तिनं टेबल सोडायला हवं होतं. तिनं सोडलं नाही. इस्त्रीवाला म्हणायचा, "मुकादमीण खुर्चीवर बसली की तिला कुसळ टोचतं." त्यातूनच तिला ते नाव पडलं.

तळहातानं ओळखणं ही काय चीज असते ते मी तिच्याकडं पाहून शिकलो. डोळे मिटून ती सांगायची, हे कुसळीचं, हे आघाड्याचं. कुसळीच्या बियाला एक लांब शेपूट असतं. ते ओलं झालं की पीळ सोडतं, वाळलं की पुन्हा पीळ भरतं, आणि त्या फिरण्यानं बी स्वतःला कापडात स्क्रूसारखं घालून घेतं. म्हणून कुसळी पिकली की तिच्या कोपऱ्यात ओली चादर टाकायची नाही, अर्धी वाळवून मग न्यायची, हा तिचा नियम. माक्याचं पान चुरडलं तर काळा डाग पडतो, तो लगेच धुतला नाही तर बसतो. केन्याच्या निळ्या फुलाचा डाग थंड पाण्यानं जातो, पण घाबरून कुणी साबण लावू नये. आंबुशीच्या शेंगा ऊन चढलं की फुटतात आणि चादरीवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके उडतात. लव्हाळ्याचा देठ बोटांत फिरवला की तीन कडा लागतात. खऱ्या गवताचा गोल लागतो. वर्षभर तिच्या दोऱ्या माळभर हिंडत. कुठल्या महिन्यात कुठला कोपरा बी धरतो ते पाहून ती खांब उपटायची आणि दुसरीकडं रोवायची. नव्या बाईला वाटायचं, मुकादमीण उगाच छळते.

"मावशी, कालच तर इथं बांधली होती दोरी."

"काल इथं जावई आला नव्हता."

जावई म्हणजे वर्षातून एकदा उगवणारं, मोजून आठ दिवस फुलणारं आणि त्या आठ दिवसांत प्रत्येक चादरीला टोचणारं एक झुडूप. त्याचं पुस्तकातलं नाव तिला ठाऊक नव्हतं. ज्यांची नावं गावात रुळलेली होती ती तिनं तशीच ठेवली: हरळी, गोखरू, कुर्डू. बाकीच्यांना तिनं स्वतःची ठेवली. एक बारीक सुई, जी वेचणीत सापडत नाही आणि पाठीला नंतर कळते, ती नणंद. एक चपटं चिकट बी, जे कितीही झटकलं तरी जात नाही, ती सवत. आणि एक करडं, मिशीवालं गवत, जे आर्थिक वर्षाच्या शेवटच्या महिन्यात येऊन सगळ्यालाच चिकटतं, ते ऑडिटर.

रुग्णालयाचा शिंपी तिथंच कोपऱ्यात मशीनवर बसायचा. फाटलेल्या चादरी शिवायच्या, फारच फाटल्या तर त्यांची फडकी करायची, हे त्याचं काम. एकदा त्यानं एका जीर्ण चादरीचा अर्धा तुकडा मावशीला दिला. म्हणाला, "घे, मांडीवर घे. काटे अंगावर काढतेस." तिनं तो मांडीवर घेतला, आणि एका दुपारी त्याच्यात अडकलेलं एक बी काढलं नाही. तसंच राहू दिलं आणि त्याच्याभोवती लाल दोऱ्यानं चौकोन घातला. मग दुसरं बी, दुसरा चौकोन. चिकटणारं बी असलं तर ते चिकटलेलं, डाग पाडणारं असलं तर त्याचा डाग, आणि दोन्ही न करणारं असलं तर चिमूटभर दाणे बांधलेली इवलीशी पुरचुंडी. अकरा वर्षांत एकशे सात चौकोन झाले. दोन बिया दिसायला सारख्या, पण एकीच्या पोटावर खाच आहे आणि दुसरीच्या नाही, तर चौकोन दोन. खाच बघायला तिनं बॉयलरवाल्याचा चष्मा मागून आणला होता.

मी तिला विचारलं होतं, हे कशाला? ती म्हणाली, "अरे, रोज येतात घरी. किती जण आहेत ते तरी ठाऊक नको?"

एवढंच. याला मी काही मोठं नाव देणार नाही. मोठी नावं देणारे लोक पुढे येतातच.

*

त्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या खास खोलीतल्या एका रुग्णानं तक्रार केली. चादरीत काटा होता, पाठीत घुसला. काटा पाकिटात घालून, पाकीट तक्रारीला टाचून दिलं. अधीक्षकांनी तक्रारीच्या खाली तीन ओळी लिहिल्या. मागच्या मोकळ्या जागेतलं तण हे कारण, जागा तातडीनं तणनाशक फवारून साफ करावी, काम सोमवारी सुरू. तक्रार आली शुक्रवारी दुपारी, आदेश निघाला शुक्रवारी संध्याकाळी. वाळवायच्या यंत्राच्या कागदाला सोळा वर्षं झाली होती.

मावशीला शनिवारी सकाळी कळलं. तिनं मला निरोप धाडला. माझं अक्षर बरं, म्हणून तिचे सगळे अर्ज मी लिहायचो. मी गेलो तेव्हा ती टेबलाशी उभी होती, बसलेली नव्हती.

"हे मारून टाकलं तर खाली काय राहील ठाऊक आहे? माती. नुसती उघडी माती. वारा आला की धुळीच्या चादरी. ऑपरेशन झालेल्या माणसाला धुळीत निजवणार का?"

"असं लिहू?"

"लिही. पण आधी मला तो काटा बघू दे. बावीस वर्षांत माझ्या वेचणीतून काटा गेला नाही. गेला असेल तर कोण गेला ते कळू दे."

तिची ही रीत. माळावरच्यांना ती कोण म्हणायची.

अधीक्षकांच्या कार्यालयात शनिवारी अर्धा दिवस असतो. खोली थंड होती, काच इतकी स्वच्छ की समोरची हिरवळ आत आल्यासारखी वाटत होती. ही हिरवळ त्यांनी चार महिन्यांपूर्वी करवून घेतली होती. वाळूचे ट्रक आले, वाळू पसरली, तिच्यावर गवताच्या गुंडाळ्या सतरंजीसारख्या उलगडल्या. एकाच जातीचं गवत, एकाच उंचीचं, कडेनं पाटी: गवतावर चालू नये. मावशी खिडकीशी थोडा वेळ उभी राहिली होती, मी पाहिलं.

अधीक्षकांनी पाकीट टेबलावर उपडं केलं. वाटाण्याएवढा गोल काटा, सगळ्या बाजूंनी अणकुचीदार, प्रत्येक काट्याचं टोक किंचित मागं वळलेलं. मावशीनं तो तळहातावर घेतला आणि मूठ मिटली. मला वाटलं, तिला टोचेल. ती म्हणाली, "साहेब, हा आमच्याकडचा नाही."

"म्हणजे?"

"माळावरचा नाही. आमची माती चिकट आहे. हा वाळूतला आहे."

"बाई, काटा तो काटा."

"तसं नसतं, साहेब."

"तुम्हाला सगळे काटे पाठ आहेत का?"

हे ते हसून म्हणाले. स्टोअरवाला बाजूला बसला होता, तोही हसला. मावशी म्हणाली, "पाठ नाहीत. आहेत माझ्याकडं," आणि मला खोलीत ठेवून निघून गेली. वीसेक मिनिटं मी त्या दोघांसमोर बसून होतो. अधीक्षकांनी मला विचारलं, तुम्ही यांचे कोण; मी सांगितलं, भाचा; ते म्हणाले, असं का, इथं सगळेच यांचे भाचे आहेत. हा विनोद त्यांना आवडला, ते तो पुन्हा एकदा म्हणाले.

मावशी परत आली तेव्हा तिच्या एका हातात ती चादर होती, घडी घातलेली, आणि दुसऱ्या हातात एक मुळासकट उपटलेलं रोप. रोपाच्या देठाला तसेच गोल काटे, एकाखाली एक, पंधरा-वीस. मुळांना वाळू चिकटली होती. तिनं ते रोप टेबलाच्या काचेवर ठेवलं.

"हे तुमच्या हिरवळीच्या कडेला आहे. पाटीच्या पायाशी. वाळूबरोबर आलंय. भेटायला येणारे लोक कडेनं चालतात, ते विजारीला लागतं, मग ते रुग्णाच्या पलंगावर बसतात. पलंगावर बसू नये असं तिसऱ्या मजल्यावर लिहिलंय, पण खास खोलीत कोण कुणाला उठवणार?"

मग तिनं चादर उलगडली. ती टेबलभर झाली, टेलिफोन झाकला गेला. एकशे सात लाल चौकोन. ती बोट ठेवून सांगू लागली, हा गोखरू, याला दोनच शिंगं पुढं, हा आघाडा, हा उलटा हात फिरवला की लागतो, ही नणंद, हा जावई. "बघा साहेब, यात तो आहे का. अकरा वर्षं आहेत यात. एकदा जरी आला असता तरी इथं असता."

मी तिला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तिचा आवाज चढलेला नव्हता. पाहुण्यांना घरातल्या माणसांची ओळख करून द्यावी तसा होता. आणि क्षणभर मला वाटलं की अधीक्षक खरंच बघतायत. ते वाकले होते. त्यांनी चष्मा वर केला. त्यांनी चादरीचा एक कोपरा उचलला आणि अंगठ्यानं ताणून धरला.

"हा रुग्णालयाचा शिक्का आहे," ते म्हणाले.

कोपऱ्यात जांभळ्या शाईचा गोल होता, पुसट, पण होता.

स्टोअरवाला उठून आला. त्यानंही पाहिलं. "निर्लेखन झालेली दिसत नाही, साहेब. झाली असती तर शिक्क्यावर काट मारलेली असती." निर्लेखन म्हणजे वापरातून बाद करणं, तीन सह्या लागतात, मग चादरीची फडकी होतात आणि फडकी मोजली जातात. म्हणजे कागदोपत्री ही चादर अजून कुठल्यातरी पलंगावर अंथरलेली होती, आणि अकरा वर्षं कुणीतरी तिच्यावर निजत होतं.

"कुणी दिली तुम्हाला?"

मावशीनं टेलिफोनवरून चादर बाजूला सारली.

"घरी नेली होती का?"

"धुलाईखान्यातच असते. टेबलाखाली."

"मालमत्ता स्वतःच्या उपयोगासाठी ठेवणं, तिच्यावर दोरा मारून ती खराब करणं. याला काय म्हणतात ठाऊक आहे ना?"

त्यांनी शिंप्याला बोलावलं. तो आला, दारातच उभा राहिला. त्याला विचारलं, ही चादर तुमच्याकडून गेली का. त्याच्या निवृत्तीला चौदा महिने होते. त्यानं डाव्या अंगठ्यावरची सुई टोचल्याची जुनी खूण उजव्या बोटानं चोळली आणि म्हणाला, "रोज इतक्या येतात, साहेब. लक्षात कसं राहणार?" मावशीनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. ती माझ्याकडं बघत होती, मी तोंड उघडू नये म्हणून. मी उघडलं नाही. आज हे लिहिताना त्या गप्प बसण्याचा संताप मला शिंप्यापेक्षा स्वतःवर जास्त येतो.

काट्यांचं रोप काचेवर तसंच पडून होतं. शिपाई आला आणि त्यानं ते कचऱ्याच्या टोपलीत टाकलं. त्याच्याविषयी पुन्हा कुणी बोललं नाही. मावशीला लेखी ताकीद मिळाली, चादर जप्त झाली, फवारणीचा आदेश कायम राहिला. तिन्हींपैकी एकही गोष्ट काट्याविषयी नव्हती.

*

सोमवारी सकाळी मैल्या कपड्यांच्या गाठोड्यांबरोबर स्टोअरमधून एक वेगळं गाठोडं धुलाईखान्यात आलं. चिठ्ठी होती: एक अर्धी चादर, धुऊन जमा करावी. स्टोअरचा नियम आहे की न धुतलेलं कापड मांडणीवर चढत नाही. जप्तीचं असलं तरी नाही. पुरावा असला तरी नाही. स्टोअरवाल्यानं त्यात काही वाईट केलं असं त्याला आजही वाटत नसेल. बॉयलरवाल्यानं चिठ्ठी वाचली नाही, गाठोडं पाहिलं आणि पहिल्याच घाण्यात घातलं. तो काही वाईट माणूस नव्हता, ज्याचा चष्मा खाचा बघायला गेला होता तोच तो.

मावशी आली तेव्हा यंत्र पिळत होतं. तिनं जाळीत पाहिलं. जाळीत नेहमीपेक्षा जास्त कचरा होता. तिनं चादर बाहेर ओढली. लाल दोरा पक्का होता, त्याचा रंगही गेला नव्हता. एकशे सात चौकोन जागच्या जागी, आत काही नाही. पुरचुंड्या लोंबत होत्या, मऊ. केन्याचा निळा, माक्याचा काळा, सगळं उतरलेलं. इतकी पांढरी चादर त्या धुलाईखान्यातून क्वचित निघाली असेल.

बॉयलरवाला म्हणाला, "मावशी, मला खरंच... चिठ्ठीच वाचली नाही मी."

"तुझं काम तू केलंस," ती म्हणाली. "सगळेच करतायत."

तेवढ्यात माळाच्या फाटकाशी फवारणीवाला आला. पाठीवर निळी टाकी, नाकाला फडकं, कंत्राटदाराचा माणूस. फाटकातून त्यानं आरोळी दिली, "सुरू करू का? दोऱ्या काढा बघू आधी."

मावशीनं दोऱ्या काढल्या. खरोखरच काढल्या, गुंडाळल्या आणि खांबाला अडकवल्या. मग ती आत येऊन म्हणाली, "चला गं. आज खाली घालायच्या."

"खाली म्हणजे?"

"गवतावर. दीडशेच्या दीडशे."

बाया बघत राहिल्या. बावीस वर्षं जी बाई चादरीचं टोक गवताला लागलं तर ओरडायची ती हे सांगत होती. एक जण म्हणाली, "मावशी, वेचायच्या कुणी मग? मरू आम्ही."

"मरशील तर चादर घालीन तुझ्यावर, स्वच्छ धुतलेली. उचल."

त्यांनी ओल्या चादरी उचलल्या. दोघी-दोघींनी टोकं धरून माळावर पसरत गेल्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत, कुसळीवर, हरळीवर, कुर्डूच्या तुऱ्यांवर, एकीच्या कडेला दुसरीची कड. शेवटी माळ दिसेना, नुसती पांढरी फुगीर जमीन दिसू लागली, खालच्या देठांनी जागोजागी टेकू दिलेली. फवारणीवाला टाकी पाठीवर घेऊन हे बघत होता.

"मावशी, हे काय?"

"चादरी वाळतायत."

"मी फवारणार कुठं?"

"फवार की. वर तिसऱ्या मजल्यावर जातील. विष लागलेली चादर कुणाच्या पलंगावर गेली ते मी लिहून ठेवीन, तुझ्या सहीनं."

तो हसला. फडकं खाली ओढून त्यानं बिडी पेटवली. "वाळेपर्यंत थांबतो."

"थांब. त्या वाळल्या की दुसऱ्या येतील. रुग्णालय आहे हे, बाबा. चादरी संपत नाहीत इथं."

तो दुपारपर्यंत थांबला. मंगळवारी पुन्हा आला, तेव्हा ती म्हणाली, "आलास? सावलीत बस, पाणी हवं असलं तर माठातलं घे." बुधवारी त्यानं भिंतीलगतची एक वाव, दोन हात पसरल्याएवढी, रुंद पट्टी फवारली, तेवढी चादरींच्या बाहेर राहिली होती. म्हणाला, "काहीतरी केलं असं दिसायला हवं ना मला." ती पट्टी दोन दिवसांत पिवळी पडली. तिथून धूळ उडू लागली आणि मावशीनं सांगितल्याप्रमाणे चादरींवर बसू लागली. हे बघायला कुणी वरून आलं नाही.

त्या आठवड्याची वेचणी मी पाहिली आहे. चादरी टेबलावर येत त्या खरखरीत सालीसारख्या. तीनच्या जागी सात बाया बसल्या, इस्त्रीवाला बसला, बॉयलरवाला बसला. शिंपी मशीन सोडून आला आणि न बोलता टोकाला बसला. कुणी त्याला जागा करून दिली नाही, कुणी उठवलंही नाही. बायांच्या बोटांची टोकं सुजली. शिव्या चालल्या होत्या, बहुतेक अधीक्षकांना, काही मावशीला. "ही बघा, ही तुमची नणंद, माझ्या नखात." "नणंदच ती, नखातच जायची." आणि मग हळूहळू त्या एकमेकींना विचारू लागल्या, हे काय, ते काय, आणि मावशी सांगत होती, पण अधीक्षकांपुढं सांगितलं तसं नाही. तुटक, मान खाली.

*

शनिवारी फवारणीवाला टाकीशिवाय आला. हातात कागद होता. मीही होतो तिथं. ताकिदीला उत्तर लिहायला तिनं बोलावलं होतं.

"मावशी, सही द्या एवढी," तो म्हणाला. "जागा ज्याच्या ताब्यात त्याची लागते. झाली की काम पूर्ण म्हणून कागद वर जाईल आणि माझं नाव यातून सुटेल."

"काम कुठं झालंय?"

"झालं असं लिहायचं."

"आणि नाही दिली तर?"

त्यानं मान खाजवली. "तर उद्या चार माणसं आणि गाडीवरची मोठी टाकी येणार. कंत्राटदारानं ठरवलंय. उद्या रविवार. रविवारी तुमच्या चादरी नसतात, हे त्याला कुणीतरी सांगितलं."

रविवारी धुलाईखाना बंद असतो. मावशीनं कागद घेतला आणि मला दिला. "वाच."

मी वाचलं. मागील मोकळ्या जागेची पाहणी केली असता संपूर्ण जागा तणमुक्त आढळून आली, असं मी प्रमाणित करते. त्याखाली एक रकाना: जागेवर शिल्लक वनस्पती प्रकारांची संख्या. तो रिकामा होता. तो तिनं भरायचा होता.

बाया गोळा झाल्या. एक म्हणाली, "करून टाका की, मावशी. कागदच तो. माळ राहतोय ना?" दुसरी म्हणाली, "कुणी येतंय का मोजायला?" इस्त्रीवाला म्हणाला, "साफ झालं असं लिहिलं की दहा वर्षं कुणी फिरकणार नाही. जिंकलात तुम्ही." सगळे खूश होते. त्यांचं चुकत होतं असं मला म्हणता येत नाही.

मी म्हणालो, "मी भरतो रकाना, तू फक्त सही कर."

"नको. तुझ्या अक्षरात नको."

ती टेबलाशी बसली. खिडकीतून माळ दिसत होता, आठवडाभर चादरींखाली दडपलेला, देठ वाकलेले, पण बरेचसे पुन्हा उठायला लागले होते. कुर्डू तर कालच उठला होता. तिनं पेन हातात धरलं आणि रकान्याकडं इतका वेळ पाहिलं की फवारणीवाला अवघडून बाहेर जाऊन उभा राहिला. मग तिनं शून्य काढलं. साधं शून्य, पण तिनं ते दोरा भरावा तसं सावकाश काढलं, टोक टोकाला मिळेपर्यंत. खाली सही केली. बायांपैकी कुणीतरी टाळी वाजवली आणि मग कुणी साथ देत नाही असं पाहून थांबली.

फवारणीवाला कागद घेऊन गेला. मी माझी वही उघडली. मला राग आला होता, आणि राग आला की माझं अक्षर चांगलं येतं. मी म्हणालो, "आता ताकिदीचं उत्तर राहू दे. वरपर्यंत तक्रार करू. काट्याची, हिरवळीची, चादर धुतल्याची, सगळी. तारखेसकट लिहितो. या लोकांना सोडायचं नाही."

मावशीनं समोरची चादर ओढून घेतली आणि तिच्यावरून तळहात फिरवायला सुरुवात केली.

"कशाच्या जोरावर?" ती म्हणाली. "तिथं काहीच नाही असं मीच लिहून दिलंय. काहीच नव्हतं तर धुतलं काय? मारणार होते ते काय?"

मी वही बंद केली नाही. तिनं चादर उलटली आणि दुसऱ्या अंगानं हात फिरवू लागली. बोटाला काहीतरी लागलं, तिनं ते उपटून डब्यात टाकलं. ते काय होतं ते शेजारच्या नव्या बाईनं विचारलं. मावशी म्हणाली, "कचरा. तू तुझी चादर बघ."